एआयला विचारा, महाड कुठे आहे?

फिरायला निघालेली मंडळी आता दहा लिंका उघडत बसत नाहीत, थेट एआयला विचारतात. त्या उत्तरात आपलं गाव, आपला होमस्टे, आपला इतिहास यायला हवा आणि बरोबर यायला हवा. त्यासाठी काय करायचं? महाड-पोलादपूरच्या निमित्ताने एक प्रॅक्टिकल गाईड.

एक छोटा प्रयोग करा. मोबाइलवरचं कुठलंही एआय उघडा आणि इंग्रजीत विचारा, ‘महाडला बघण्यासारखं काय आहे?’ उत्तरात चवदार तळं आलं तर उत्तम. पण ‘वरदविनायकाचं दर्शन घ्या’ असा सल्ला मिळाला, तर दचकू नका. अष्टविनायकांतला वरदविनायक आहे खालापूर तालुक्यातल्या महडला. चवदार तळं आहे महाडला. मराठीत फरक एका कान्याचा. रोमन लिपीत मात्र दोन्ही गावांचं स्पेलिंग बहुतेक वेळा एकच असतं. त्यात जिल्हाही एकच! माणसंही गोंधळतात, तिथे मशीनचं काय घेऊन बसलात?

‘रायगड’ची तर आणखी मजा. रायगड हा किल्ला आहे आणि जिल्हाही. जिल्ह्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबा होतं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत आणि कागदपत्रांत हाच भाग ‘कुलाबा’ म्हणून येतो. छत्तीसगडमध्ये रायगढ नावाचं शहर आहे. पुणे जिल्ह्यातल्या राजगडाच्या आणि रायगडाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे.

हे सगळं गमतीचं वाटेल, पण यावर लोकांचं पोट अवलंबून आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं. त्यात रायगड आहे आणि प्रतापगडही. या दोन किल्ल्यांच्या मधल्या वाटेवर पोलादपूर आहे. २० मार्च २०२७ ला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला १०० वर्षं पूर्ण होतात. म्हणजे या भागाबद्दल विचारणाऱ्यांची संख्या वाढणार. पाचाडला खोल्या भाड्याने देणारी ताई, खानावळ चालवणारे काका, ट्रेकला वाट दाखवणारा तुमच्याच वर्गातला मित्र, हे सगळे त्या उत्तरात असणार की नाही, हा खरा प्रश्न आहे.

‘जीईओ’ म्हणजे काय रे भाऊ?

वेबसाइट गुगलवर वर यावी म्हणून जे केलं जातं, त्याला एसईओ म्हणतात, हे एव्हाना सगळ्यांना माहीत झालंय. त्याचं नवं भावंडं म्हणजे जीईओ, जनरेटिव्ह इंजिन ऑप्टिमायझेशन. अनेक जण त्याला ‘जिओ’ म्हणतात. सिम कार्डवालं जिओ नाही हं! चॅटजीपीटी, जेमिनी, पर्प्लेक्सिटी यांच्या उत्तरांत आपला मजकूर यावा, त्याचा संदर्भ दिला जावा, यासाठीची ही खटपट.

हे सगळं गेल्या काही वर्षांतलं आहे. चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. गुगलच्या रिझल्टच्या डोक्यावर दिसणारा एआय सारांश भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी चॅटजीपीटीमध्ये वेब सर्च आलं.

‘जीईओ’ हे नाव रूढ झालं ते नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या एका शोधनिबंधामुळे. आयआयटी दिल्लीचा प्रांजल अगरवाल, प्रिन्स्टन विद्यापीठातला अमीत देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो लिहिला. त्यांनी १० हजार प्रश्नांचा संच घेतला आणि वेबपेजच्या मजकुरात नऊ प्रकारचे बदल करून पाहिले. कुठल्या बदलाने एआयच्या उत्तरात पेज जास्त दिसतं, हे त्यांना तपासायचं होतं.

निष्कर्ष वाचून आपल्या मराठीच्या बाई खूश होतील. एकच शब्द पुन्हा पुन्हा कोंबण्याची जुनी एसईओ युक्ती चालली नाही. चाललं काय? संदर्भ देणं, जाणकाराचं म्हणणं त्याच्या शब्दांत देणं आणि मोघम बोलण्याऐवजी आकडे देणं. अशा बदलांनी प्रयोगात दिसण्याचं प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत वाढलं. सर्चच्या यादीत पाचव्या क्रमांकावर असलेल्या पेजला तर नुसते संदर्भ दिल्याने सुमारे ११५ टक्के फायदा झाला, उलट पहिल्या क्रमांकावरच्या पेजचा हिस्सा घटला. हे प्रयोगातले आकडे आहेत, तुमच्या साइटला तेवढाच फायदा होईल असं नाही. पण मोठ्या ट्रॅव्हल कंपनीच्या खाली दबलेल्या छोट्या साइटला संधी आहे, एवढं त्यातून नक्की कळतं.

एआय वाचतं कसं?

तुम्ही विचारलंत, ‘दोन दिवसांत रायगड आणि आसपास काय बघू, आई-बाबा सोबत आहेत.’ एआय हा प्रश्न बरेचदा अनेक छोट्या प्रश्नांत फोडतं. रोप-वे आहे का, राहायचं कुठे, जवळ आणखी काय आहे, रस्ता कसा आहे. प्रत्येकासाठी वेबवर शोधतं, पेजमधले उपयोगी परिच्छेद उचलतं आणि त्यांतून एक उत्तर जुळवतं. तुमचं अख्खं पेज त्याला नको असतं. त्याला हवा असतो एक नेमका परिच्छेद, जो एकटा उचलला तरी अर्थ लागतो.

म्हणून ‘येथून जवळच हे प्रसिद्ध ठिकाण आहे’ हे वाक्य एआयच्या काही कामाचं नाही. येथून म्हणजे कुठून? हे म्हणजे कुठलं? त्याऐवजी, ‘रायगड किल्ल्याचा रोप-वे हिरकणीवाडीतून सुटतो. पायथ्याच्या पाचाड गावात राजमाता जिजाऊंची समाधी आहे.’ दोन वाक्यं, चार नावं, काही संदिग्ध नाही. आई-बाबांना घेऊन येणाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं.

जे लिहिलंच नाही, ते दिसणार कसं?

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच आहे. महाडचं ग्रामदैवत वीरेश्वर महाराज. महाशिवरात्रीनंतर छबिना भरतो, गावोगावच्या पालख्या आणि सासनकाठ्या येतात. याची माहिती कुठे असते? व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या बॅनरवर, फेसबुकच्या फोटोत, चौकातल्या फ्लेक्सवर. म्हणजे चित्रात! एआयच्या सर्चला चित्रातल्या सजवलेल्या अक्षरांपेक्षा साधा टाइप केलेला मजकूर कितीतरी सोपा. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये तर त्याला शिरताच येत नाही.

दुसरी अडचण फॉन्टची. गावाकडच्या संस्थांच्या जुन्या वेबसाइट, स्मरणिका, पीडीएफ अनेकदा युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये असतात. आपल्याला पडद्यावर छान मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात भलतीच इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. तो मजकूर मशीनसाठी निव्वळ कचरा. शतक महोत्सवी स्मरणिकेत कुणी आजोबांनी गावाचा इतिहास मेहनतीने लिहिलेला असतो, पण सर्चच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो. तो युनिकोडमध्ये बदलून पुन्हा टाकणं, हे एका सुटीत होण्यासारखं काम आहे.

मग ही पोकळी कशाने भरते? मोठ्या बातम्यांनी. महाड-पोलादपूर देशभरच्या माध्यमांत ठळकपणे आलं ते दुर्घटनांच्या वेळी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला. जुलै २०१८ मध्ये आंबेनळी घाटात दापोली कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन इमारत पडली. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड आली, महाड शहर पुरात बुडालं. हे विसरू नयेच. पण वेबवर फक्त एवढंच असेल, तर मशीनच्या दृष्टीने हा भाग म्हणजे फक्त आपत्ती. गांधारपाल्याची लेणी, सवचे गरम पाण्याचे झरे, शिवथरघळ, वाळणकोंड, मंगळगड, चंद्रगड यांच्याबद्दल नीट, तपासून लिहिलेली पानं वाढली, तर उत्तरही बदलेल.

इतिहासाच्या बाबतीत आणखी काळजी घ्यावी लागते. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. मनुस्मृतीचं दहन २५ डिसेंबर १९२७ चं. दोन्ही महाडला, एकाच वर्षात, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली. त्यामुळे घाईत लिहिलेल्या पोस्टमध्ये दोन्ही घटना एकत्र होतात, मग ती पोस्ट वाचून एआयही तेच सांगतं. यामागची साखळीही लिहिली पाहिजे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरीही प्रत्यक्षात पाणी मिळेना म्हणून सत्याग्रह झाला आणि कोर्टातली लढाई १९३७ पर्यंत चालली. शंभरीच्या वर्षात ही गोष्ट महाडच्या मुलांनी सांगायची, की कुठल्याशा कंटेंट फॅक्टरीने?

तसंच पोलादपूर तालुक्यातल्या उमरठचं. तिथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. सिंहगडावरही त्यांचं स्मारक आहे. दोन्हीकडे जाणारे असतात. पेजवर दोन्हींचा उल्लेख करून फरक स्पष्ट लिहिला, तर वाचणाऱ्याचा गोंधळ होत नाही आणि एआयचाही.

‘निसर्गाच्या कुशीत’ म्हणजे नेमकं कुठे?

आता धंद्याचं बोलू. समजा, तुमच्या घरच्यांचा रायगडाच्या पायथ्याशी होमस्टे आहे. वेबसाइटवर असं लिहिलंय: ‘सह्याद्रीच्या कुशीत, निसर्गरम्य वातावरणात घरगुती जेवणाचा अविस्मरणीय अनुभव!’ वाचायला गोड. पण हेच वाक्य माथेरानलाही चालेल, मालवणलाही.

आता हे बघा: ‘आमचं घर महाड तालुक्यात (जिल्हा रायगड), रायगड किल्ल्याच्या पायथ्याशी आहे. चार खोल्या, प्रत्येकीला स्वतंत्र बाथरूम. तळमजल्यावर दोन खोल्या, ज्येष्ठांना जिना चढावा लागत नाही. जेवणात तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, आदल्या दिवशी सांगितल्यास चिकन. जवळचं रेल्वे स्टेशन कोकण रेल्वेवरचं वीर. पावसाळ्यात मोबाइलची रेंज कमी असते.’

शेवटचं वाक्य मुद्दाम ठेवलंय. खरी माहिती, अगदी गैरसोयीचीसुद्धा, लिहिणाऱ्या साइट कमी असतात. ‘पावसाळ्यात रायगडाजवळ रेंज असते का?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर तुमच्याकडेच सापडेल. गिऱ्हाईक तुमच्याकडे फोन करतं तेव्हा काय काय विचारतं, ते आठवडाभर वहीत लिहून ठेवा. तेच प्रश्न हेडिंग म्हणून टाका आणि खाली दोन-तीन वाक्यांत उत्तर द्या. मराठीत एकदा, इंग्रजीत एकदा. इंग्रजीत लिहिताना ‘महाड, चवदार तळ्याचं शहर, जिल्हा रायगड, महाराष्ट्र’ असं पूर्ण लिहायचं. म्हणजे महडचा आणि छत्तीसगडचा प्रश्न मिटला.

वेबसाइट नसली तरी गुगलवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट बनतं. नाव, पत्ता, फोन, वेळ सगळीकडे एकसारखं ठेवा. एका ठिकाणी ‘भोजनालय’, दुसरीकडे ‘खानावळ’, तिसरीकडे ‘रेस्टॉरंट’ असं झालं, की मशीनला ते तीन वेगळे धंदे वाटू शकतात.

तारीख टाका, खूप महत्त्वाचं आहे

आपल्या भागात जुनी माहिती नुसती चुकीची नसते, ती धोक्याची असते. आंबेनळी घाटातून महाबळेश्वर, वरंध घाटातून भोर. पावसाळ्यात दरड आली की या वाटा बंद होतात. वरंध घाट जड वाहनांना, कधी सगळ्याच वाहनांना बंद करण्याचे आदेश निघतात. कशेडीला आता बोगदा झालाय, पण जुन्या पानांवर घाटातलीच वाट आहे. दोन वर्षांपूर्वीचं पेज वाचून एआयने ‘हो, रस्ता चालू आहे’ म्हटलं, तर?

म्हणून रस्ता, पाऊस, ट्रेक यांबद्दल लिहिताना वर ठळक तारीख टाका: ‘ही माहिती अमुक तारखेला तपासली.’ त्याखाली एक ओळ: ‘निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाची ताजी सूचना बघा.’ आणि तुम्ही स्वतः प्रवासी असाल, तर घाट चालू आहे का हे एआयला विचारून गाडी काढू नका. त्या वाटेवरच्या हॉटेलवाल्याला फोन लावा.

दार उघडं आहे ना?

मजकूर फर्मास आहे, पण मशीनला आत येताच येत नसेल तर सगळं फुकट. तीन गोष्टी तपासा.

पहिली, रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल. कुठल्या बॉटने साइट वाचायची, हे त्यात लिहिलेलं असतं. ओपनएआयचे बॉट वेगवेगळे आहेत. जीपीटीबॉट मॉडेलच्या ट्रेनिंगसाठी मजकूर गोळा करतो, ओएआय-सर्चबॉट सर्चसाठी. ट्रेनिंगला नकार आणि सर्चला होकार, असंही करता येतं.

दुसरी, क्लाउडफ्लेअर. जुलै २०२५ पासून या कंपनीने नव्या साइटसाठी एआय बॉट अडवणं हीच मूळ सेटिंग ठेवली. साइट कुणाकडून बनवून घेतली असेल, तर त्यांना हे विचारा.

तिसरी, जावास्क्रिप्ट. चकाचक अॅनिमेशनवाल्या साइटवर मजकूर नंतर लोड होतो आणि अनेक एआय बॉट तोवर थांबत नाहीत. मुख्य माहिती साध्या पेजवर साध्या मजकुरात हवी.

बाकी फार तांत्रिक धावपळ नको. गुगलनेच सांगितलंय, की एआय सारांशात येण्यासाठी वेगळं काही खास लागत नाही. पेज सर्चमध्ये नोंदलेलं हवं आणि माणसाला उपयोगी हवं. त्यामुळे ‘चॅटजीपीटीत पहिला नंबर लावून देतो, महिना इतके हजार’ असा फोन आला तर गोड बोलून ठेवून द्या. एआयचं उत्तर दरवेळी थोडं बदलतं, त्यात कायमचा पहिला नंबर असा नसतोच. खोटे रिव्ह्यू आणि ‘टॉप टेन’च्या बनावट याद्या तर नकोच. पकडलं गेलं की साइट जाते, आणि गावाचं नाव जातं ते वेगळंच.

पण क्लिक येणार का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधल्या सुमारे ९०० लोकांच्या गुगल वापराचा अभ्यास केला. एआय सारांश दिसला तेव्हा लोकांनी खालच्या लिंकवर क्लिक केलं ८ टक्के वेळा, सारांश नव्हता तेव्हा १५ टक्के. सारांशातल्या लिंकवर क्लिक? फक्त १ टक्का.

होमस्टेवाल्याचं यात फार बिघडत नाही. उत्तरात नाव आणि गाव आलं, तर गिऱ्हाईक फोन लावतं. पण भटकंतीचा ब्लॉग लिहिणारी मुलगी, स्थानिक इतिहासावर वर्षानुवर्षं खपणारा अभ्यासक यांचं काय? त्यांचा मजकूर उत्तरात वापरला जातो आणि वाचक मात्र दारापर्यंत येत नाही. त्यांनी काय उघडं ठेवायचं आणि काय राखून ठेवायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवायला हवं. दार बंद ठेवणं हाही एक रास्त निर्णय आहे. फक्त तो जाणूनबुजून घेतलेला असावा, सेटिंगमुळे झालेला नसावा.

गावाची सामायिक माहिती मात्र उघडीच हवी. तिच्यासाठी मराठी विकिपीडिया आहे, १ मे २००३ पासून. तिथे स्वतःच्या धंद्याची जाहिरात चालत नाही, पण उमरठ, गांधारपाले, छबिना यांवर संदर्भासह लिहायला कुणाचीच आडकाठी नाही. विकिपीडिया वाचत नाही असं एआय शोधून सापडायचं नाही.

महिनाभराचा प्लॅन

आठवडा १: दहा प्रश्न ठरवा. मराठी, हिंदी, इंग्रजीत दोन-तीन एआयना विचारा. उत्तर, तारीख आणि दिलेले संदर्भ शीटमध्ये नोंदवा.

आठवडा २: चुका वेगळ्या काढा. महाड-महडचा गोंधळ, चुकीची तारीख, बंद झालेली वाट. चूक कुठल्या पेजवरून आली ते बघा आणि पेजच्या मालकाला दुरुस्ती कळवा.

आठवडा ३: दोन जाणकारांशी बोला. त्यांची परवानगी घेऊन त्यांचं म्हणणं, आकडे आणि संदर्भांसह पाच पानं लिहा, युनिकोडमध्ये.

आठवडा ४: रोबोट्स फाइल तपासा, तारखा टाका, बिझनेस प्रोफाइल नीट करा. महिन्याने तेच दहा प्रश्न पुन्हा विचारा.

एनएसएसच्या कॅम्पसाठी किंवा लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातल्या मुलांच्या प्रोजेक्टसाठी यापेक्षा भारी विषय शोधून मिळणार नाही. सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही, खर्च जवळपास शून्य. लागतात ती गावातली म्हातारी माणसं, त्यांच्याशी बोलायला वेळ आणि न कंटाळता टाइप करणारी बोटं. २० मार्च २०२७ ला जगात कुठूनतरी कुणीतरी एआयला विचारेलच, महाडला काय घडलं होतं? उत्तर तेव्हा नाही, आत्ताच लिहून ठेवावं लागेल.